घरच्या स्विमिंग पूलला पंपाचे पाईप कसे जोडायचे म्हणजे गळणार नाहीत

मार्च संपत आला की नाशकात घरगुती स्विमिंग पूल घ्यायची गडबड सुरू होते, गंगापूर रोडच्या बंगल्यांत, मखमलाबाद-दिंडोरीकडच्या मळ्यांत, पाथर्डी फाट्याच्या रो-हाऊसच्या अंगणातसुद्धा. पूल उभा करायला कोणालाच फार अडचण येत नाही. फ्रेम जोडली, लायनर (पाणी धरणारं प्लास्टिकचं कापड) ताणलं, पाणी सोडलं, झालं. घोडं अडतं ते पाणी गाळणाऱ्या पंपाच्या दोन पाईपांवर, एक पूलमधून पाणी ओढणारा आणि दुसरा परतीचा, म्हणजे ते पूलमध्ये परत सोडणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर पंपाखाली चिखल, पाणी चार बोटं उतरलेलं आणि घरातलं कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन क्लिप आवळत बसलेलं.

म्हणून आधीच सांगतो, क्लिप सैल राहिली म्हणून गळतंय असं फार कमी वेळा असतं. बहुतेक वेळा पाईपचं माप आणि तोटीचं, म्हणजे पाईप ज्याच्यावर चढतो त्या तोंडाचं, माप जुळत नसतं, नाहीतर पाईप पूर्ण आत गेलेला नसतो, नाहीतर वायसर तिरका बसलेला असतो. या तीन गोष्टी नीट असतील तर क्लिप बेताची आवळली तरी थेंब पडत नाही, आणि त्या चुकल्या असतील तर आटे जाईपर्यंत आवळली तरी गळायचं ते गळतंच, वरून तोटीला तडा जातो तो वेगळाच.

हे पटायला प्रेशरचा हिशोब बघा. पूलच्या भिंतीतल्या फिटिंगवर पाणी असतं अर्धा-पाऊण मीटर. तुमच्या गच्चीवरची टाकी बाथरूमच्या नळापेक्षा तीन मीटर वर असेल तर त्या नळाला याच्या चार-पाच पट प्रेशर असतं. म्हणजे इथे थोपवायचं पाणी काही जोराचं नाही, पंप चालू झाल्यावर परतीच्या पाईपात थोडं वाढतं तेवढंच. त्यामुळे ताकद लावायची गरजच नाही. पण प्रेशर कमी आहे म्हणून गाफील पण राहू नका, कारण भोक मोठं आहे. ३८ मिलीमीटरचा पाईप निसटला आणि त्याच्यावर अर्धा मीटर पाणी असलं तर मिनिटाला साधारण शंभर लिटर पाणी बाहेर पडतं. दहा फूट व्यासाच्या पूलमध्ये ६५ सेंटीमीटर पाणी भरलं तर ते होतं ४,७०० लिटरच्या आसपास, म्हणजे जवळपास एक छोटा टँकर, आणि तुम्ही जेवायला बसलात तेवढ्यात त्यातलं निम्मं अंगणात. आपल्याच जिल्ह्यात येवला-नांदगावकडे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, तेव्हा निदान आपल्याकडून पाणी वाया जाऊ नये एवढं तरी बघायलाच पाहिजे, मला हे मनापासून वाटतं.

पाईपाला हात लावायच्या आधी जागा. गच्चीवर पूल ठेवायचा विचार असेल तर तो सोडा. ६५ सेंटीमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ६५० किलो, आणि माणसं वावरतात अशा गच्चीचा स्लॅब डिझाईन करताना आयएस ८७५ प्रमाणे जो वावरण्याचा भार धरतात तो दीड किलोन्यूटन म्हणजे साधारण १५० किलो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर नकोच. खाली अंगणात किंवा मळ्यात ठेवताना पण आपली काळी माती लक्षात घ्या, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे नुसत्या मातीवर ठेवलेला पंप आठवड्यात एका बाजूला कलतो आणि पाईप ओढला जातो. पंपाखाली मुरूम टाकून ठोकून घ्या आणि वर एक शहाबादी फरशी टाका, लेव्हल बॉटलने बघा, मग पंप ठेवा, पंपाच्या पायाला भोकं असतील तर स्क्रूने फरशीला पक्का करा. बऱ्याच ठिकाणी जी गळती पाईपची म्हणून दाखवतात ती खरं तर खचलेल्या पंपाची असते.

पंप पाण्याच्या पातळीच्या खालीच पाहिजे, हे पण इथेच सांगून टाकतो. हे छोटे पंप स्वतःहून पाणी खेचून वर आणत नाहीत, पूलमधलं पाणी आपोआप वाहत त्यांच्यात यावं लागतं. व्हरांड्याच्या उंच ओट्यावर पंप ठेवला, दिसायला छान दिसतो, पण हवा धरतो आणि कोरडा चालून सील जळतं.

आता माप. खरी गोम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंटेक्स, बेस्टवे वगैरे पूलमध्ये दोन मापं चालतात, ३२ मिलीमीटर आणि ३८ मिलीमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सव्वा इंची आणि दीड इंची. लहान पंपांना ३२, मोठ्या पंपांना आणि सँड फिल्टरला (वाळूतून पाणी गाळणाऱ्या) ३८. ३२ वाला पाईप नुसता तोटीवर चढतो आणि क्लिपने आवळायचा असतो. ३८ वाल्यात बहुतेक वेळा पाईपच्या टोकालाच आट्यांचा नट आणि आत ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी गोल रबरी कडी, असते, तिथे क्लिप लागतच नाही. ही दोन्ही मापं हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात असं वाटतं आणि तिथेच फसायला होतं, कारण पाईपचं माप कुठून कुठवर मोजायचं याचे आपल्याकडे तीन वेगवेगळे हिशोब आहेत. पूलच्या नळीचं ३२ म्हणजे आतलं माप. शेतीच्या पीव्हीसी पाईपचं ३२ म्हणजे बाहेरचं माप. आणि घरातल्या प्लंबिंगच्या सीपीव्हीसीचं एक इंच म्हणजे ना आतलं ना बाहेरचं, नुसतं नाव, त्याचं बाहेरचं माप भरतं २८.६ मिलीमीटर. यूपीव्हीसी शेड्यूल ८० चा एक इंची पाईप परत वेगळा, बाहेरून ३३.४.

याचा अर्थ काय, तर पूलची ३२ ची नळी शेतीच्या ३२ पीव्हीसीवर बरोबर बसते, एक इंची यूपीव्हीसीवर गरम पाण्यात मऊ करून घट्ट बसते, आणि एक इंची सीपीव्हीसीवर सैल बसते, तिथे कितीही क्लिपा लावा, नळीला घडी पडणार आणि त्या घडीतून पाणी येणार. प्लंबर घाईत असला की सीपीव्हीसीचाच तुकडा लावून जातो, कारण त्याच्या पिशवीत तोच असतो. तर दुकानात जाताना नळीचा एक छोटा तुकडा किंवा पंपाची तोटीच सोबत न्या आणि काउंटरवरच बसवून बघा. बारीक माप घेणारं व्हर्नियर असेल तर उत्तमच.

अजून एक, या पूलच्या ३८ वाल्या नटाचे आटे आपल्या बाजारातल्या दीड इंची फिटिंगच्या आट्यांशी जुळतील असं धरून चालू नका. दोन फेरे आत जातात आणि मग अडकतं, तिथून पुढे पाना लावला की प्लास्टिकचे आटे कापले जातात आणि तो नट कायमचा गेला. पूल ३८ चा आणि पंप ३२ चा असं जुळवायचं असेल तर त्याचा तयार अडॅप्टर मिळतो, इंटेक्सवाले त्याला अडॅप्टर बी म्हणतात, तो मागवून घ्या. बाकी ओढणारी बाजू विनाकारण बारीक करू नका, पंप दमतो.

नळी बदलायचीच असेल तर शेतीच्या दुकानात मिळणारी सक्शनची हिरवी-करडी नळी चालते, पण तिच्यात कडक प्लास्टिकचा वेढा असतो, त्या वेढ्याच्या उंचवट्यावर क्लिप बसली की दोन वेढ्यांमधून पाणी झिरपतं. पूलसोबत येणाऱ्या पन्हळी नळीला टोकाला आणि मध्ये ठराविक अंतरावर गुळगुळीत पट्टा असतो, क्लिप त्या गुळगुळीत पट्ट्यावरच आली पाहिजे. लांबी कमी करायची तर त्याच पट्ट्याच्या मध्यावर कापा, पन्हळीवर कधीच नको. सक्शनची नळी वापरलीच तर क्लिपचा पट्टा वेढ्याच्या दिशेने किंचित तिरका जाऊ द्या आणि दोन क्लिपा लावा, तरी ती दुसऱ्या नंबरची पसंती.

क्लिपांचं बोलू. मेन रोड-रविवार कारंजाच्या दुकानात मागितली की बहुतेक वेळा जुबली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्ट्याची क्लिप, समोर येते आणि स्टीलची आहे म्हणून सांगतात. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. पट्ट्याला लावा, चिकटलं नाही तर पट्टा ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा असायला हरकत नाही, मग स्क्रूला लावा, आणि इथे बहुतेक क्लिपा नापास होतात कारण पट्टा स्टीलचा आणि स्क्रू साधा लोखंडी, वर जस्ताचा मुलामा. क्लोरिनच्या पाण्याजवळ तो स्क्रू एका सीझनमध्ये गंजून बसतो आणि मग काढताना क्लिप कापावी लागते. चांगल्या क्लिपांवर डब्ल्यू आणि आकडा छापलेला असतो, डब्ल्यू १ म्हणजे सगळंच जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, डब्ल्यू २ म्हणजे पट्टा स्टील आणि स्क्रू साधा, डब्ल्यू ४ म्हणजे पट्टा, डबी (स्क्रू जिच्यात बसतो ती), स्क्रू सगळं स्टेनलेस. डब्ल्यू ४ घ्या. सातपूर-अंबडकडे कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानांत मिळतात, दहा-वीस रुपये जास्त जातील पण जाऊ द्या. मीठाचं क्लोरिनेटर, म्हणजे मिठापासून क्लोरिन बनवणारं यंत्र, लावणार असाल तर डब्ल्यू ५, म्हणजे ३१६ वाली. साईज अशी निवडा की आवळून झाल्यावर पट्ट्याची शेपटी एक-दीड इंचच उरेल. खूप मोठी क्लिप आवळत आणली की ती गोल राहत नाही, डबीजवळ अंडाकृती होते आणि तिथेच फट राहते.

सायकलची ट्यूब गुंडाळून वर बाइंडिंग वायर पिळायची, हे आपल्याकडे विहिरीच्या मोटरीपासून सगळीकडे चालतं, पण इथे नको. तार एकाच रेषेत रुतते, नळी कापते, ट्यूब उन्हाने आणि क्लोरिनने चिकट होते. एम-सीलचं पण तेच, कडक वस्तूच्या भेगेला ते उत्तम आहे पण मऊ नळी हलत राहते, तिच्यावर ते टिकत नाही, सुटतं. आणि टेफ्लॉन टेप. जिथे ओ-रिंग किंवा वायसर पाणी अडवतो तिथे टेफ्लॉन लावायचाच नाही. टेपच्या जाडीमुळे नट शेवटपर्यंत जात नाही आणि ओ-रिंग दबतच नाही, म्हणजे टेप लावल्यामुळेच गळतं. टेफ्लॉन फक्त तिथे, जिथे आटेच पाणी अडवतात, जसं की तुम्ही मध्ये पीव्हीसीचा एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड) वगैरे घातला असेल तर.

आता प्रत्यक्ष जोडणी. पूल रिकामा असतानाच भिंतीतली फिटिंग बसवा. लायनरला आधीच पाडलेली भोकं असतात, त्यांच्या कडा बोटाने चाचपून बघा, प्लास्टिकचा धागा किंवा कुसळ राहिलेलं असेल तर ब्लेडने हळूच काढा, भोक मोठं न करता. फिटिंग आतून बाहेर घालायची, तिच्या चकतीला लागून सपाट रबर वायसर राहतो तो पूलच्या आतल्या बाजूलाच राहिला पाहिजे, म्हणजे पाण्याचं वजन चकतीला लायनरवर दाबतं आणि वायसर जास्तच घट्ट होतो. मग बाहेरून नट, नटाची सपाट बाजू भिंतीकडे. ठिबकच्या सबमेनला ग्रोमेट बसवून टेकऑफ घालतो ना, तिथे जसं भोक स्वच्छ आणि रबर सरळ असेल तरच पाणी थांबतं, इथे अगदी तोच न्याय.

नट हातानेच आवळा. हाताने थांबला की फार तर पाव फेरा अजून, तोही फडकं धरून. पाना लागतोय असं वाटलं तर समजा आटे तिरके चढलेत, उघडा, नट उलटा फिरवत "टक" असा बारीक आवाज आला की तिथून सरळ चढवा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटावर येईल एवढंच, किंवा मॅन्युअलमध्ये पेट्रोलियम जेली सांगितली असेल तर ती, गाडीचं ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल यातलं काही नको, रबर फुगतं नाहीतर वाळूचे कण चिकटून राहतात. ओ-रिंग खाचेत पूर्ण बसली का ते नखाने गोल फिरवून बघा, एखाद्या जागी ती उचललेली असेल तर नखाला कळतं, डोळ्याला दिसत नाही.

मग नळी. ३२ वाली नळी थंड असताना जोर लावून घुसवू नका, सकाळच्या गारव्यात तर ती लाकडासारखी कडक असते. तिचं टोक चहाइतक्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, उकळतं नको, तोटीवर भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा आणि नळी डावी-उजवी पिळत सरळ आत ढकला, तोटीच्या खांद्याला टेकेपर्यंत. अर्धवट बसलेली नळी सगळ्यात जास्त त्रास देते कारण बाहेरून ती बसल्यासारखीच दिसते. म्हणून मी आधी कोरड्या तोटीची लांबी मोजून तेवढ्या अंतरावर नळीवर मार्कर पेनने खूण करतो, खूण आत गेली म्हणजे नळी पूर्ण बसली. दुसरी खूण नळी बसल्यावर, नळीची कड तोटीवर जिथे येते तिथे, तोटीवरच एक रेघ. दोन दिवसांनी नळी त्या रेघेपासून दोन मिलीमीटर जरी मागे आलेली दिसली तर ती हळूहळू निसटतेय हे गळायच्या आधीच कळतं. एवढी साधी गोष्ट पण फार कोणी करत नाही.

क्लिप नळी चढवायच्या आधीच नळीत ओवून ठेवा. नळीच्या टोकापासून पाच-सहा मिलीमीटर मागे ती आली पाहिजे आणि तिच्याखाली तोटीचे दाते असले पाहिजेत, दात्यांच्या पुढे नुसत्या नळीवर बसलेली क्लिप काही कामाची नाही. स्क्रूला षटकोनी डोकं असतं त्यावर सात किंवा आठ नंबरचा बॉक्स पाना लावा, स्क्रू ड्रायव्हर खाचेतून घसरून हातात नाहीतर लायनरमध्ये घुसतो. किती आवळायचं, तर पट्ट्याच्या चिरांमधून नळीचं प्लास्टिक किंचित फुगून वर येईल इथवर. त्यापुढे ते कापलं जातं. परतीच्या पाईपला, म्हणजे पंपातून पूलकडे जाणाऱ्या पाईपला, दोन क्लिपा लावा आणि दोघींचे स्क्रू समोरासमोर विरुद्ध बाजूला ठेवा, कारण डबीखाली पट्टा थोडा सपाट होतो आणि तिथे दाब कमी पडतो, दुसरी क्लिप ती जागा भरून काढते.

कोणता पाईप कुठे, हे पंपावरचे बाण आणि मॅन्युअल बघून ठरवा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. ज्या फिटिंगला आतून जाळी आहे तिथून पंप पाणी ओढतो, ज्या फिटिंगला आतून नोझल आहे तिथून ते परत येतं. पाईप उलटे लागले तरी काही पंप चालतात पण फिल्टर साफ करत नाही आणि लोक आठवडाभर औषधं टाकत बसतात.

पाईप अंथरताना त्याला कमान येऊ देऊ नका. मध्ये उंचवटा झाला की तिथे हवा साचते आणि ती निघत नाही. पाईपचं वजन तोटीवर लोंबकळू नये म्हणून खाली एखादी वीट किंवा लाकडाचा ठोकळा सरकवा. मळ्यात घूस आणि खारी यांचं पण बघा, ठिबकच्या नळ्या कुरतडतात त्या या पण सोडत नाहीत, म्हणून पाईप गवतात लपवू नका, मोकळ्या जागेतून न्या, म्हणजे येता-जाता नजर पडते.

पाणी भरताना दोन्ही भोकं बंद पाहिजेत. ३८ वाल्याला दांडा दाबून बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, ३२ वाल्याला आतून लावायचं काळं बूच येतं. पाणी परतीच्या फिटिंगच्या वर दोन-तीन बोटं आलं की पंपाच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा, मग व्हॉल्व्ह उघडा किंवा बुचं काढा. काढलेल्या बुचाच्या जागी जाळी लगेच परत लावायची, हे विसरू नका, जाळीशिवाय पंप एक मिनिटसुद्धा चालवू नका. चेंबरमध्ये पाणी चढतं, स्क्रूपाशी आधी फुसफुस हवा येते, मग फेस आणि मग सलग पाणी. सलग पाणी आलं की स्क्रू बंद, आणि आत्ता कुठे पंपाचं बटण. हवा न काढता बटण दाबलं की पंप घरघरतो आणि लोक म्हणतात पंप खराब आला.

पंप चालू केल्यावर जोडातून लगेच पाणी गळलं नाही म्हणजे काम झालं असं नाही. टॉयलेट पेपर किंवा वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा प्रत्येक जोडाखालून फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. तासाभराने परत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत. पहाटेच का, तर आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी चांगलंच तापतं आणि रात्री बऱ्यापैकी गार पडतं, दुपारी नळी मऊ होऊन क्लिपखाली दबते आणि पहाटे आकसते तेव्हा क्लिप सैल पडलेली असते. म्हणून दुपारी कोरडा ठाक असलेला जोड पहाटे ठिबकतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळी अर्धा-अर्धा फेरा आवळला की नळी बसून जाते आणि मग महिनाभर बघायला लागत नाही. दिंडोरीच्या एका बागायतदार काकांनी फोनवर विचारलं, "अहो, दुपारी तर थेंब नव्हता, सकाळीच कसं काय?" तर त्याचं उत्तर हेच.

तरी गळतंय असं वाटलं तर गळती कोणत्या बाजूची ते आधी ठरवा. परतीच्या नोझलमधून पूलमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हवा ओढणाऱ्या बाजूने आत शिरतेय, मग ती बाजू, फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग आणि पूलमधली पातळी तपासा. पंप बंद असताना ठिबकतं पण चालू केल्यावर थांबतं, तेव्हाही ओढणारीच बाजू. पंप चालू केल्यावर ठिबक वाढते, तर परतीची बाजू, आणि अशा वेळी क्लिपच्या आधी फिल्टर कार्ट्रिज धुवा, परतीचं नोझल पण बघा, वाळलेला पाला अडकला की प्रेशर तिथेच चढतं. कुठेच ओलं नाही आणि पातळी मात्र उतरतेय, तर बादलीची परीक्षा करा. बादलीत पूलच्या पातळीइतकं पाणी भरून ती पूलमध्ये शिडीच्या पायरीवर ठेवा, दोन्ही पातळ्यांची खूण करा, एक दिवस थांबा. दोन्ही सारख्याच उतरल्या तर ते ऊन आणि वारा आहे, मे महिन्यात रोज अर्धा-पाऊण सेंटीमीटर सहज उडून जातं. पूल जास्त उतरला तर गळती आहे, आणि मग लायनरचा तळही बघावा लागेल.

भरलेल्या पूलवर नळी काढायची असेल तर क्रम पाळा. आधी पंपाचा विजेचा प्लग काढा, मग व्हॉल्व्ह बंद किंवा आतून बूच, मग नळी. आणि बूच लावायला पाण्यात हात घालायच्या आधी पंपाची पिन भिंतीतून निघालेली आहे हे स्वतः डोळ्यांनी बघा, बटण बंद आहे म्हणून भागत नाही.

विजेचं आणि मुलांचं शेवटी सांगतोय पण कमी महत्त्वाचं म्हणून नाही. पंपाच्या लाईनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, पाहिजेच, अर्थिंग तपासलेली पाहिजे, आणि बोर्ड पूलपासून लांब, उंचावर, पावसाचं पाणी न लागणाऱ्या जागी. एक्स्टेंशन बोर्ड गवतात टाकून चालवलेला पंप मला कुठेही दिसला तरी मी आधी तो बंद करायला लावतो. मुलं पाण्यात असताना पंप बंद ठेवा, या छोट्या पंपांच्या मॅन्युअलमध्येही तसंच लिहिलेलं असतं. आणि ओढणाऱ्या फिटिंगची जाळी तुटली असेल, हललेली असेल, तर ती बदलेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. लांब केस, लहान बोटं त्या भोकाकडे ओढली जातात. अमेरिकेत स्पाच्या अशाच ओढणाऱ्या तोंडाला अडकून एका सात वर्षांच्या मुलीचा जीव गेला, आणि तिच्या नावाने २००७ साली तिथे या झाकणांसाठी वेगळा कायदाच करावा लागला. आपल्याकडे घरच्या पूलची तपासणी करायला कोणी येत नाही, त्यामुळे ती जाळी रोज बघायची जबाबदारी घरातल्या मोठ्यांचीच.

जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत सगळं उतरवून ठेवा. क्लोरिन टाकणं चार-पाच दिवस आधी थांबवलं तर पाणी नारळ-आंब्याच्या आळ्यांना सोडता येतं, गटारीत घालवू नका. नळ्या साध्या पाण्याने धुवून, उभ्या टांगून आतून पूर्ण वाळवा, ओल राहिली की आत शेवाळाचा काळा थर धरतो. क्लिपा पूर्ण सैल करून स्क्रूला थेंबभर तेल द्या, ते रबराला लागू देऊ नका. ओ-रिंगा आणि वायसर खाचेतून काढून, पुसून, एका छोट्या पिशवीत घाला, पिशवीवर कोणती कुठली ते लिहा आणि ती पंपाच्याच हँडलला बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या मार्चमध्ये पूल सापडतो, पंप सापडतो आणि तीस रुपयांच्या रबरासाठी सगळं अडून बसतं.